तिची कोंबडी, माझं पाणी

बायको मला किडनी देण्यासाठी वजन उतरवत होती आणि मी तिच्यावर जळत होतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना मी कोणाला देवमाणूस वाटायला नको. डायलिसिसवर असताना मी आजारपणाबद्दल लिहिलेलं बरंच काही वाचलं. त्यातले सगळे आजारी शांत, समजूतदार आणि कृतज्ञ होते. माझ्यासारखा चिडका, हावरट, मनातल्या मनात धुमसणारा त्यात एकही भेटला नाही. तेव्हा हे त्यांच्यासाठी लिहितोय, ज्यांना खाटेवर पडल्या पडल्या शेजारच्याच्या हातातला चहाचा कप बघवत नाही. तुमच्यासारखा निदान एक जण रत्नागिरीत आहे.

मी बंदरावर मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. घरात आई, मी आणि बायको नयना. नयना घरीच ब्लाऊज शिवते. मुलगा पुण्याला नोकरीला आहे.

पाय सुजले तेव्हा

पाय सुजायला लागले तेव्हा मी दोष चपलांना दिला. मग दिवसभर उभं राहण्याला दिला. आई कोमट पाण्यात पाय बुडवून बसायला लावायची आणि मी तिच्या समाधानासाठी बसायचो. रक्तदाबाची गोळी कधीच लिहून दिलेली होती. ती आठवली तर घ्यायची, असा माझा हिशेब होता. एक दिवस बोटीच्या शिडीवरून वर येताना दम लागला, इतका की वरच्या खलाशाने हात देऊन ओढून घेतलं. तेव्हा कुठे रक्त तपासलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

हा प्रश्न ज्याने ऐकला असेल त्याला पुढचं काही सांगायला नको. मी म्हटलं, बायको बाहेर बसलीय. ती आत आली, पदर सावरून बसली, आणि डॉक्टर माझ्याशी न बोलता तिच्याशीच बोलायला लागले. दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत, डायलिसिस लगेच सुरू करावं लागेल, पुढे जमलं तर प्रत्यारोपण. नयना सगळ्याला मान हलवत होती. मी खिडकीतून खाली बघत होतो. खाली रसवंतीवर एक माणूस उसाचा रस पीत होता. अर्धा पिऊन त्याने ग्लास पुढे केला आणि बर्फ आणखी घालून घेतला. त्या माणसाला मी ओळखत नव्हतो, पण त्याला दोन द्याव्यात असं मला वाटलं. हेवा म्हणजे काय ते मला त्या खिडकीत पहिल्यांदा कळलं.

मोजलेलं पाणी

डायलिसिस आठवड्यातून तीनदा. सकाळी जायचं, वजनकाट्यावर उभं राहायचं, मग चार तास खाटेवर. दंडातली शीर ऑपरेशन करून फुगवलेली असते, तिच्यात दोन जाड सुया. रक्त बाहेर जातं, मशीनमधून धुऊन परत येतं. दुखतं त्यापेक्षा कंटाळा जास्त येतो. शेवटी शेवटी पायात गोळे येतात आणि घरी आल्यावर अंगातलं सत्त्व काढून घेतल्यागत वाटतं.

वजनाचं महत्त्व मला तिथे कळलं. लघवी जवळजवळ बंद झालेली, त्यामुळे दोन डायलिसिसच्या मधे जे वाढतं ते वजन नसतंच, ते प्यायलेलं पाणी असतं. काटा जास्त दिसला की सिस्टर म्हणायच्या, "काका, काल पार्टी झाली वाटतं." दिवसाचं पाणी एका बाटलीत रेघेपर्यंत भरून ठेवायचं. चहा, औषधं, आमटी, सगळं त्यातच. मीठ जवळजवळ बंद, कारण मीठ खाल्लं की तहान लागते आणि तहान लागली की माणूस बाटलीचा नियम विसरतो. नारळ बंद, शहाळं बंद, केळं बंद. भाजी दोनदा पाणी बदलून उकडलेली आणि अंड्याचा पांढरा भाग. समुद्राच्या काठावर जन्म काढलेल्या माणसाला माशाचा एक अळणी तुकडा, तोही ठरलेल्या दिवशी. काही दिवसांनी मीच म्हटलं, असा देणार असाल तर तोही नको.

हात नारळाकडे जातो

किडनी द्यायला आईची तयारी होती, पण तिला मधुमेह. मुलगा म्हणाला मी देतो. त्यावर नयनाने त्याला फोनवर असं झापलं की त्याने पुन्हा विषय काढला नाही. मग तिने स्वतःच्या तपासण्या केल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं, फक्त वजन आडवं आलं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "वहिनी, इतक्या वजनावर एक किडनी काढून घेतली तर उरलेलीवर फार ताण येईल. दहा किलो उतरवा, मग या. नाही उतरलं तर मी हात लावणार नाही."

म्हणजे माझं पुढचं आयुष्य नयनाच्या जिभेवर येऊन थांबलं.

इथल्या आहारतज्ज्ञ मॅडम तरुण होत्या, पण पक्क्या होत्या. भात कमी, तळण बंद, पोटभर काकडी-कोशिंबीर आणि प्रत्येक जेवणात प्रथिनं. मासे खा म्हणाल्या. नयना म्हणाली, "मासे आले की भात आला. माझ्याच्याने आवरायचं नाही." मग चिकन खा. नयना विचार करून म्हणाली, "मॅडम, माझ्या हातात कोंबडी आली की हात आपोआप नारळाकडे जातो. वाटण लावल्याशिवाय मला शिजवताच येत नाही." कोकणातल्या कुठल्याही बाईला हे पटेल. आमच्याकडे नुसतं शिजवलेलं मांस म्हणजे अर्धवट सोडलेलं काम.

मारुती मंदिराकडे एक नवं सुपरमार्केट झालं होतं. तिथे काचेच्या कपाटात भाजलेल्या अख्ख्या कोंबड्या मिळतात, प्लॅस्टिकच्या डब्यात घालून. नयनाने विचारलं, ती चालेल का? मॅडमना वाटलं होतं त्यापेक्षा हा प्रश्न कठीण निघाला. त्या म्हणाल्या, वजन उतरवायला चालेल, पण कातडी सगळी काढायची, कारण तेल तिथेच असतं, आणि खाली साचलेला रस टाकून द्यायचा. तळव्याएवढाच तुकडा, भात-चपातीशिवाय. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "यांना यातलं काही द्यायचं नाही. ही कोंबडी भाजायच्या आधी मिठाच्या पाण्यात मुरवतात. वरून कळत नाही."

मी मान डोलावली. नयनाने मान डोलावली. आई त्या दिवशी बरोबर नव्हती.

माझ्या आजाराचा गुण तिला आला

खरं सांगायचं तर मला कोंबडी कधीच आवडली नव्हती. ताजा बांगडा मिळत असताना कोंबडी खाणाऱ्याची मी कीव करायचो. पण नयनाने तो डबा पहिल्यांदा घरी आणला आणि माझी जीभ मला न विचारता फिरली. तांबूस, चकचकीत कातडी. ती दोन बोटांनी सोलून बाजूला टाकायची, मांस फ्रीजमध्ये ठेवायची, आणि दुपारी एक थंड तुकडा काकडीबरोबर घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसायची. सोमवार आणि गुरुवार सोडून रोज. माझ्यासमोर कधी खाल्लं नाही. मला वाटायचं, लपून मजा मारते.

आईला ती कोंबडी मुळीच पटली नव्हती. "कधी मेली, कोणी शिजवली, काय ठाव?" ती म्हणायची. "म्हावऱ्याचे कल्ले तरी उघडून बघता येतात."

पहिला महिना नयनाचं वजन हललं नाही आणि मी मनातून घाबरलो. मग ते उतरायला लागलं आणि मी मनातून जळायला लागलो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच काट्याकडे बघून वाटू शकतात. ती भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला जायची. येताना गाल लाल झालेले असायचे. स्वयंपाकघरात उभी राहून तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची, आणि मी माझ्या बाटलीवरची रेघ बघत बसायचो. तिचे गुडघे दुखायचे थांबले. साखर काठावर होती ती खाली आली. तिने स्वतःचे जुने ब्लाऊज उसवून आत घेतले. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "नयनाताई, दहा वर्षांनी लहान दिसताय." नंतर माझ्याकडे बघायच्या आणि आवाज खाली करून विचारायच्या, "कसं वाटतंय भाऊंना?"

माझा रंग काळवंडला होता, केस गळत होते, अंगाला खाज. आजार मला झाला आणि गुण तिला आला. मी हे तिला बोलूनही दाखवलं. ती शिवणयंत्रावर होती. पाय थांबवून म्हणाली, "मग काय, जाडच राहू का?"

चिडून मी पाठ फिरवली.

सार

त्या रविवारी नयना एका गिऱ्हाइकाकडे लग्नाचे ब्लाऊज द्यायला जवळच्या पाली गावात गेली होती. सकाळीच तिने कोंबडी आणून सोलून ठेवली होती. कातडी आणि हाडं एका टोपात झाकून ठेवलेली, मांजरासाठी. आईने ती बघितली. आमच्या घरात माशाचं डोकं, काटा, शेपूट, काहीच वाया जात नाही. मांजराला मिळतं ते आमचं सगळं चोखून झाल्यावर. आईच्या डोक्यात आलं, पोरगा किती दिवस उकडलेल्या भाजीवर आहे, हाडांचं सार करून द्यावं, ताकद येईल. आणि तिने ते फार काळजीने केलं. नारळ घातला नाही. तिखट घातलं नाही. मीठ घातलं नाही. आलं, लसूण, दोन मिरी आणि ती हाडं-कातडी, बराच वेळ उकळून.

माझ्यापुढे वाटी ठेवून म्हणाली, "अळणी हाय रे. पण गरम हाय तोवर पी."

पहिल्या घोटालाच मला कळलं. इतके महिने मीठ तोडलेल्या जिभेला ते लपत नाही. कोंबडीतलं सगळं मीठ त्या साराच्या पाण्यात उतरलं होतं. मॅडमचं बोट मला डोळ्यांसमोर दिसलं. आणि त्याचबरोबर नयना दिसली, पडवीत बसलेली. माझ्या मनात आलं, ती रोज खाते, एक दिवस मी. वाटी संपवली आणि आईपुढे पुन्हा केली. आईचा चेहरा इतका खुलला होता की तिसरी मागितली असती तर तीही मिळाली असती.

मग तहान आली. बाटली दुपारीच संपली. मी माठाशी गेलो, आणि एकदा गेल्यावर पुन्हा गेलो. संध्याकाळी आडवा झालो तर श्वास घेता येईना. उठून बसलो तरी येईना. छातीत पाण्याचा आवाज येत होता. नयना पालीहून आली ती तशीच रिक्षा वळवून मला घेऊन निघाली. रस्ताभर तिने माझी पाठ सरळ धरून ठेवली होती. बुडणारी माणसं मी बंदरावर पाहिली आहेत. कोरड्या रस्त्यावर, रिक्षात बसून बुडता येतं हे माहीत नव्हतं.

तातडीने डायलिसिस लावलं. डॉक्टरांनी विचारलं, खारट काय खाल्लं? आई मागोमाग येऊन दाराशी उभी होती. "कायच नाय," ती म्हणाली. "मी केला होता सार, पण देवाशपथ सांगते, मिठाला हात नाय लावला." ती खोटं बोलत नव्हती. नयनाने एवढंच विचारलं, "कसलं सार?" आणि ऐकल्यावर भिंतीला टेकून खाली बसली.

आईने सांगितलेलं

घरी आल्यावर आईने माझ्यासाठी चूल पेटवणं सोडलं. नयना करेल ते खा म्हणायची. देवापुढे बसून नाक पुसायची. हे मला सहन होईना, म्हणून मी एका दुपारी सांगितलं, "आई, मला खारट लागलं होतं. पहिल्याच घोटाला."

"मग वाटी परत पुढं कशाला केलीस?"

"ती रोज खाते म्हणून."

आईने पदराने नाक पुसलं. मग म्हणाली, "ती पडवीत जाऊन का खाते, ता विचारलंस कधी?"

मी म्हटलं, नाही.

"घरात म्हावरा आणत नाय ती. तळला तर तुला वास येतो. थंड कोंबडीला वास नाय. पापलेटाच्या दिसात ती ता फ्रीजमधला खाते, आणि तू तिच्यावर जळतोस."

इथे मी विरघळलो असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण मला आणखीच राग आला. तब्येत तिची, कौतुक तिचं, आता चांगुलपणातही तीच पुढे. मी काहीही केलं तरी माझ्या वाट्याला फक्त घेणं होतं. आजारी माणसांच्या घरच्यांना एक सांगतो. आमच्यासाठी तुम्ही केलेला त्याग आम्हाला कळला की आम्ही लगेच चांगले होऊ, अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला वेळ लागतो.

आई मात्र त्या दिवसापासून बदलली. सुपरमार्केटचा डबा आला की ती स्वतः कातडी सोलायची आणि हाडांसकट बाहेर नेऊन मांजराला घालायची. माझ्यासमोरून नेताना टोपावर झाकण ठेवायची.

मुलाखत

नयनाचा दहावा किलो उतरला आणि आम्ही मुंबईला गेलो. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलात एक मुलाखत असते. देणारा खुशीने देतोय ना, पैसे किंवा जबरदस्ती नाही ना, हे डॉक्टर लोक विचारतात. समोर कॅमेरा लावलेला असतो. आधी तिला एकटीला विचारलं, नंतर मला आत बोलावून दोघांना बसवलं.

मुख्य डॉक्टर वयस्कर होत्या. त्यांनी विचारलं, "कोणी जबरदस्ती केली?"

"नाही."

"मग का देताय? तुमच्या शब्दांत सांगा."

मला वाटलं, आता सौभाग्य वगैरे येणार. मी मान खाली घातली.

नयना म्हणाली, "मला ह्यांचं आजारपण संपवायचंय. कंटाळा आला मला. घरात कोणीही आलं की ह्यांच्या खाटेशी बसतं आणि माझ्याकडे चहा मागतं. ह्यांना कसं वाटतं, ह्यांनी काय खाल्लं, ह्यांना झोप लागते का. मला ह्यांचा हेवा वाटतो."

डॉक्टरबाईंनी लिहायचं थांबवलं. "आजारी माणसाचा?"

"हो. दहा किलो उतरवले मी. सगळे म्हणाले, छान दिसतेस. पण तुला भूक लागते का, हे एकानेही विचारलं नाही. रोज लागायची. संध्याकाळी भाताचा वास आला की रडू यायचं. पडवीत बसून तो गार तुकडा चावत बसायचे, तो संपला की काही नाही, सकाळपर्यंत."

तिने हे माझ्याकडे न बघता सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती, ब्लाऊजचं माप सांगावं तसं सांगितलं. इतके महिने मी तिच्या तोंडात काय जातं तेवढंच बघत होतो. ती किती ताटांवरून उठून गेली ते मी मोजलं नव्हतं. मला वाटत होतं ती खातेय, आणि ती माझ्यासाठी उपाशी होती. मला तिच्या हातावर हात ठेवायचा होता, पण कॅमेरा चालू होता आणि मी लाजलो.

बाहेर आल्यावर मी आईला फोन केला. म्हटलं, "ऑपरेशन झाल्यावर येशील तेव्हा आधी तिच्याकडे जा. माझ्याकडे नंतर."

दोन खोल्या

ऑपरेशन झालं. तिच्या किडनीने माझ्या पोटात गेल्या गेल्या काम सुरू केलं. शुद्धीवर आलो तेव्हा सिस्टर म्हणत होत्या, "काका, पाणी प्या, भरपूर प्या." मी ग्लास हातात घेऊन नुसता बघत राहिलो. मग प्यायलो. दुसरा मागितला, दिला. कोणी रेघ बघितली नाही.

जंतूंची भीती म्हणून मला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. नयना समोरच्या खोलीत होती. ज्याची काढतात त्याला जास्त दुखतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तिचं कण्हणं मला ऐकू यायचं आणि मी पाणी पीत असायचो.

तिसऱ्या दिवशी आई आली. पॅसेजमध्ये तिच्या चपलांचा आवाज ओळखला आणि मी उशीवर जरा वर सरकलो. काचेतून ती दिसली. माझ्या दारासमोरून गेली, आत बघितलंसुद्धा नाही, आणि नयनाच्या खोलीत शिरली. मीच तसं सांगितलं होतं. तरी झोंबलं. मरणाच्या दारातून मुलगा परत आलाय आणि आई आधी सुनेकडे जाते, हे माझ्या मनात आलंच.

दोन्ही दारं उघडी होती. आईने स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"नयना," ती म्हणाली, "भूक लागलीय का गो तुला?"

नयनाचा रडवेला आवाज आला, "खूप."